दार आंतून उघडतें

शाळेंत इतिहास शिकवीत असतांना मी दरवर्षीं फळ्यावर एक प्रश्न लिहीत असें : "जर्मनींत हिटलरचा उदय कां झाला तें सांगा." उत्तर मुलांना पाठ असे. व्हर्सायचा मानहानिकारक तह, १९२३ सालीं रद्दीच्या मोलाचें झालेलें चलन, पुढें जगभर आलेली मंदी, साठ लाख बेकार, दुबळीं मंत्रिमंडळें आणि हिटलरचें वक्तृत्व. सहा मुद्दे लिहिले कीं सहा गुण. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, एवढीं कारणें होतीं, तर मग हें टळण्यासारखें नव्हतेंच ना?" मीं त्याला कांहीं तरी थातुरमातुर सांगितलें, तेवढ्यांत घंटा झाली आणि मी सुटलों. प्रश्न मात्र सुटला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली तेव्हां माझ्या ध्यानीं आलें कीं, माझ्या सहा मुद्द्यांत एक मुद्दा कधींच नव्हता. आज त्या सातव्या मुद्द्याविषयीं बोलावयाचें आहे. त्या मुलास द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आज मी आपणांसमोर देत आहें.

हा विषय आजच कां काढला, असें कोणी विचारील. ज्या प्रवृत्ति आपण इतिहासजमा समजत होतों, त्या आतां निवडणुकींच्या आंकड्यांत पुन्हां दिसूं लागल्या आहेत, हें त्याचें कारण. जर्मनींत 'आल्टरनाटिव्ह फ्युर डॉइचलंट' या पक्षास २०२१ सालीं शेंकडा दहाच्या आसपास मतें होतीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें तीं शेंकडा २०.८ झालीं आणि तो पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. पोर्तुगालमधील जुनी हुकूमशाही १९७४ सालीं गेली; त्याच देशांत २०१९ सालीं निघालेल्या 'शेगा' पक्षानें मे २०२५ मध्यें ६० जागा मिळवून पार्लमेंटांत दुसरें स्थान पटकाविलें. फ्रान्समध्यें २०२४ च्या उन्हाळ्यांत मतदानाच्या पहिल्या फेरींत मरीन ल पेन यांचा पक्ष सर्वांच्या पुढें होता. अटलांटिक महासागरापलीकडे ६ जानेवारी २०२१ रोजीं अमेरिकेच्या, आणि ८ जानेवारी २०२३ रोजीं ब्राझीलच्या राजधानींत, निवडणूक हरलेल्या उमेदवाराचे अनुयायी पार्लमेंटच्या इमारतींत घुसले.

हे सर्व पक्ष एकाच माळेचे मणी आहेत, असें मला म्हणावयाचें नाहीं. जो आपल्याला आवडत नाहीं त्याला हिटलर म्हणून मोकळें होणें ही बुद्धीची आळशी संवय आहे. धर्मश्रद्धा, परंपरेचा अभिमान, मालमत्तेचा कैवार, परदेशांतून येणाऱ्या लोकांची संख्या किती असावी याविषयींचें कडक मत, हीं सर्व लोकशाहींत मांडतां येण्यासारखींच मतें आहेत. पुराणमतवादी पक्ष आणि जहाल उजवी चळवळ यांमधील सीमा ओळखावयाच्या माझ्या तीन साध्या कसोट्या आहेत. निवडणुकींतील पराभव तो पक्ष मान्य करतो काय? आपल्या बाजूच्या माणसानें हात उगारला तर तो त्याचा स्पष्ट निषेध करतो काय? आणि जन्मानें, वंशानें वा धर्मानें निराळ्या असलेल्या देशबांधवास तो बरोबरीचा नागरिक समजतो काय? या तिहींचें उत्तर 'नाहीं' असें येऊं लागलें, म्हणजे सीमा ओलांडली असें समजावें.

आतां तो सातवा मुद्दा. जुलै १९३२ च्या निवडणुकींत नाझी पक्षास शेंकडा ३७ मतें व २३० जागा मिळाल्या. मोकळ्या निवडणुकींतील हा त्यांचा उच्चांक होय. चारच महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, पुन्हां मतदान झालें तेव्हां त्यांचीं वीस लाख मतें घटलीं आणि जागा १९६ वर आल्या. बहुमत त्यांना मोकळ्या निवडणुकींत कधींच मिळालें नाहीं. म्हणजे व्हर्सायचा तह तोच, मंदी तीच, वक्तृत्वहि तेंच. आणि तरीहि नाझींना उतरती कळा लागली होती. मग ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चॅन्सेलर झाला तो कसा?

त्याला नेमण्यांत आलें. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग हे पंचाऐशीं वर्षांचे वृद्ध सेनापति. त्यांच्या भोंवतीं जमीनदार, लष्करी अधिकारी आणि जुन्या घराण्यांतील मुत्सद्दी यांचा गोतावळा होता. त्यांपैकीं फ्रान्झ फॉन पापेन या मुत्सद्द्यानें वृद्ध राष्ट्राध्यक्षांचें मन वळविलें. त्याचा हिशेब असा : हिटलरच्या मागें गर्दी आहे, ती आपल्या मागें नाहीं, म्हणून गर्दी त्याची घ्यावी आणि लगाम आपल्या हातीं ठेवावा. अकरा जणांच्या त्या मंत्रिमंडळांत हिटलर धरून नाझी तीनच होते. बाकी सगळी प्रतिष्ठित मंडळी. चार आठवड्यांत पार्लमेंटच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशीं नागरिकांचे मूलभूत हक्क वटहुकुमानें स्थगित झाले. २३ मार्च रोजीं ४४४ विरुद्ध ९४ मतांनीं पार्लमेंटनें आपले अधिकार हिटलरच्या हवालीं केले. कम्युनिस्ट सभासद तुरुंगांत किंवा परागंदा होते. उपस्थितांपैकीं विरुद्ध मत दिलें तें एकट्या सोशल डेमोक्रॅट पक्षानें. दीड वर्षाच्या आंत पापेन स्वतःच्या घरांत नजरकैदेंत होता आणि त्याचे दोन निकटचे सहकारी नाझींच्या गोळ्यांना बळी पडले होते. लगाम कोणाच्या हातीं होता, हें त्याला तेव्हां कळलें.

इटलीचीहि कथा हीच. १९२१ च्या निवडणुकींत जिओलिट्टी या जुन्या उदारमतवादी मुख्य प्रधानानें फॅसिस्टांना आपल्या आघाडींत घेतलें, म्हणूनच त्यांना ३५ जागा मिळाल्या. पुढल्या वर्षीं ऑक्टोबरांत फॅसिस्टांच्या टोळ्या रोमवर चालून निघाल्या, तेव्हां सरकारनें लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला होता. राजानें त्यावर सही करण्याचें नाकारलें. मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडींत झोपून रोमला आला आणि राजानें त्याला मुख्य प्रधान केलें. पुढें पाठ्यपुस्तकांत मात्र याचेंच नांव 'रोमवरील चढाई' पडलें!

तर सातवा मुद्दा असा. असल्या चळवळींना दार फोडण्याइतकें बळ बहुधा नसतें. दार आंतून उघडावें लागतें, आणि तें उघडणारे हात बहुतकरून सभ्य, सुशिक्षित आणि प्रतिष्ठित असतात. दुःख, दारिद्र्य आणि अपमान यांमुळें माणसें दारापाशीं गोळा होतात, हें खरें. परंतु कडी काढतो तो घरांतला मनुष्य. आणि घरांतल्या माणसानें कडी काढली नाहीं तर काय होतें, याचींहि उदाहरणें इतिहासांत आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत तीं नसतात, कारण जो अनर्थ टळला त्यावर कोणी प्रश्न घालीत नाहीं.

फिनलंडचें उदाहरण घेऊं. युरोपच्या उत्तरेकडील हा लहानसा देश डिसेंबर १९१७ मध्यें रशियापासून स्वतंत्र झाला, आणि दोनच महिन्यांत तेथें लाल व पांढरे या दोन पक्षांत यादवी पेटली. तीस लाख वस्तीच्या देशांत तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील पुष्कळांना लढाईनंतर गोळ्या घातल्या गेल्या, आणि पुष्कळ जण कैद्यांच्या छावण्यांत भुकेनें व रोगानें गेले. पांढरा पक्ष जिंकला. परंतु जखम वाहत राहिली. नोव्हेंबर १९२९ मध्यें लापुआ या गांवीं कम्युनिस्ट तरुणांचा मेळावा भरला असतां गांवकऱ्यांनीं त्यांचे लाल सदरे फाडले. तेथून जी चळवळ निघाली तिला 'लापुआ चळवळ' असें नांव पडलें. तिच्यांतील बहुसंख्य लोक धर्मनिष्ठ शेतकरी होते. मंदीनें लाकडाचे व धान्याचे भाव उतरले होते, कर्ज डोक्यावर बसलें होतें, आणि शेजारीं रशिया होता. त्यांची भीति सगळीच खोटी नव्हती. परंतु त्या भीतीला हातीं धरून पुढाऱ्यांनीं तिला भलतीच वाट दाखविली.

मार्च १९३० मध्यें वासा शहरीं एका डाव्या वर्तमानपत्राचा छापखाना फोडण्यांत आला. जुलैंत सुमारें १२,००० शेतकरी राजधानी हेलसिंकींत येऊन धडकले, आणि राष्ट्राध्यक्ष, मुख्य प्रधान व सेनापति मानरहाइम हे त्यांच्या स्वागतास उभे राहिले. कम्युनिस्टांवर बंदी घालणारे कायदे त्याच वर्षीं मंजूर झाले. चळवळीची मागणी पुरी झाली. आतां ती शांत होईल, अशी सभ्य लोकांची अटकळ होती. परंतु वाघाला रक्ताची चटक लागली म्हणजे तो एका शेळीवर थांबत नाहीं. चळवळीचा मोर्चा सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे वळला, मग तिच्याशीं न पटणाऱ्या कोणाकडेहि. माणसांना उचलून मोटारींत कोंबावयाचें, मारहाण करावयाची आणि रशियाच्या सरहद्दीकडे नेऊन सोडावयाचें, असा तिचा परिपाठ झाला. कांहींचे खून झाले. न्यायालयें कचरत होतीं, आणि पुष्कळ प्रतिष्ठित लोक 'हेतु चांगला आहे, थोडी अतिरेकी मंडळी आहेत इतकेंच' असें म्हणत होते. हें वाक्य, श्रोतेहो, आपल्याही कानांना अनोळखी नसावें.

१४ ऑक्टोबर १९३० रोजीं सकाळीं हेलसिंकींत एक वृद्ध गृहस्थ पत्नीसह फिरावयास निघाले होते. त्या दोघांना मोटारींत घालून देशाच्या पूर्व टोंकास योएनसू येथें नेऊन सोडण्यांत आलें. हे गृहस्थ म्हणजे के. जे. स्टॉलबर्ग : फिनलंडच्या प्रजासत्ताकाची घटना घडविणारे कायदेपंडित आणि त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष. या अपहरणांत लष्कराच्या मुख्य कचेरींतील वरिष्ठ अधिकाऱ्याचाच हात असल्याचें उघड झालें, तेव्हां लोकांचे डोळे उघडले. परंतु डोळे उघडणें आणि पाऊल उचलणें यांत अंतर असतें. फेब्रुवारी १९३१ मध्यें राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली तींत हेच स्टॉलबर्ग १४९ विरुद्ध १५१, म्हणजे अवघ्या दोन मतांनीं पराभूत झाले. विजयी झाले स्विनहुवुद. लापुआ चळवळीला तेच हवे होते.

हे स्विनहुवुद कोण? यादवींत पांढऱ्या पक्षाचे पुढारी, पक्के पुराणमतवादी, कम्युनिस्टांचे कट्टर वैरी. मोर्चाच्या स्वागतास उभे राहिलेले मुख्य प्रधानहि तेच. परंतु त्यांच्या चरित्रांत आणखी एक पान होतें. पेशानें ते न्यायाधीश. झारची सत्ता असतांना तिच्या बेकायदेशीर हुकुमांपुढें मान तुकविली नाहीं, म्हणून त्यांना १९१४ सालीं सैबेरियांत हद्दपार करण्यांत आलें होतें. कायदा हा त्यांच्या लेखीं सोयीचा विषय नव्हता.

२७ फेब्रुवारी १९३२ रोजीं मॅन्त्सॅला भागांतील एका कामगारभवनांत सोशल डेमोक्रॅट पक्षाचें व्याख्यान होतें. शेंकडों सशस्त्र लोकांनीं तें गोळीबार करून उधळलें, आणि घरीं न जातां तेथेंच तळ देऊन सरकारनें राजीनामा द्यावा अशी मागणी केली. देशांतील स्वयंसेवकांच्या सशस्त्र दलांत सुमारें एक लाख लोक होते, आणि त्यांपैकीं बऱ्याच जणांचा ओढा बंडखोरांकडे होता. ठिकठिकाणीं माणसें जमूं लागलीं. रोममध्यें जी घटका आली होती तीच हेलसिंकींत येऊन ठेपली, आणि निर्णय करावयाचा होता तो चळवळीच्याच पाठिंब्यानें निवडून आलेल्या मनुष्यानें.

२ मार्च रोजीं राष्ट्राध्यक्ष स्विनहुवुद नभोवाणीवरून बोलले. भाषण लहान होतें. आपण आयुष्यभर कायद्यासाठीं झगडलों आहों, तो पायदळीं तुडविला जात असतां आपण स्वस्थ बसणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. जे साधे लोक फसून गेले आहेत त्यांनीं घरीं परतावें. त्यांना शिक्षा होणार नाहीं. शिक्षा होईल ती चिथावणी देणाऱ्यांना. लष्कराचा सेनापति सरकारच्या पाठीशीं राहिला. आणि जमलेलीं माणसें खरोखरच घरीं परतूं लागलीं. ६ मार्च रोजीं बंड संपलें. प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठीं केलेला जो कायदा लापुआवाल्यांनींच कम्युनिस्टांविरुद्ध मागून घेतला होता, त्याच कायद्यानें लापुआ चळवळीवर बंदी आली.

येथें मी क्षणभर थांबतों. त्या दिवशीं समाजवादी पुढाऱ्यानें नभोवाणीवरून हेंच भाषण केलें असतें, तर बंडखोर घरीं गेले असते काय? मला तसें वाटत नाहीं. ते गेले, कारण सांगणारा मनुष्य त्यांचा होता. त्यांची भाषा बोलणारा, त्यांच्याच बाजूनें लढलेला, त्यांना पूज्य असलेला. जहाल उजव्या चळवळीला अडविण्याचें सामर्थ्य तिच्या शत्रूपेक्षां तिच्या शेजाऱ्यांत अधिक असतें. पापेन आणि स्विनहुवुद हे दोघेहि पुराणमतवादी, दोघेहि समाजवाद्यांचे विरोधक. एकानें कडी काढली, दुसऱ्यानें ती घट्ट लावली. दोन देशांच्या दैवांत जो फरक पडला, त्याचा मोठा भाग या फरकांत आहे.

हें चित्र मी निर्मळ करून सांगत नाहीं. आरंभीं याच स्विनहुवुद यांनीं त्या चळवळीला गोंजारलें होतें, आणि बंडाच्या पुढाऱ्यांना झालेल्या शिक्षा सौम्य होत्या. चळवळीच्या राखेंतून नवा पक्ष निघाला आणि १९३३ सालीं त्याला १४ जागा मिळाल्या. पुढें १९४१ सालीं तोच फिनलंड जर्मनीच्या बाजूनें रशियाशीं लढला, हेंहि खरें. परंतु त्या युद्धांतदेखील तेथील पार्लमेंट चालू राहिलें, आणि त्या पार्लमेंटांत समाजवादी बसत होते. युरोपांतील किती देशांना तेव्हां हें म्हणतां आलें असतें?

दुसरें उदाहरण बेल्जमचें, आणि तें थोडक्यांत सांगतां येईल. लेओं देग्रेल हा तरुण, देखणा, वक्तृत्वसंपन्न पुढारी. लांचलुचपतीविरुद्ध तो सभांतून झाडू नाचवीत असे. १९३६ सालीं त्याच्या 'रेक्स' पक्षानें २०२ पैकीं २१ जागा मिळविल्या. उत्साहाच्या भरांत त्यानें आपल्या एका सभासदास राजीनामा द्यावयास लावून ब्रसेल्समध्यें पोटनिवडणूक घडवून आणली व स्वतः उभा राहिला. तेव्हां कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट या एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणाऱ्या पक्षांनीं मिळून एकच उमेदवार दिला : मुख्य प्रधान पॉल व्हान झेलांड. देग्रेलचे पुष्कळ मतदार श्रद्धाळू कॅथलिक होते. मतदानाच्या आदल्या दिवसांत कार्डिनल व्हान रॉय यांनीं जाहीर केलें कीं, रेक्स पक्ष देशास व धर्मास घातक आहे, आणि कोरी मतपत्रिका टाकून अंग चोरणेंहि योग्य नव्हे. ११ एप्रिल १९३७ रोजीं देग्रेलला शेंकडा १९ च्या आसपास मतें पडलीं, व्हान झेलांड यांना शेंकडा ७५ हून अधिक. १९३९ च्या निवडणुकींत रेक्सच्या २१ जागांच्या ४ झाल्या. येथेंहि शेवटची कडी लावली ती शेजाऱ्यानेंच.

या दोन कथांतून प्रतिकाराची जी रीति निघते ती चार गोष्टींची आहे. पहिली, शेजाऱ्यानें नाहीं म्हणणें. ती सांगून झाली. दुसरी, कायदा सर्वांना सारखा लावणें. पहिला छापखाना फुटला तेव्हांच तो लावला असता, तर जवळजवळ दोन वर्षांनीं मॅन्त्सॅलाचा तळ पडता ना. गुन्हा आपल्या बाजूच्या माणसानें केला म्हणून ज्या दिवशीं त्याला 'उत्साह' म्हटलें जातें, त्या दिवशीं पुढच्या गुन्ह्याला परवाना मिळतो. तिसरी, बाकीच्यांनीं एका दिवसापुरतीं भांडणें बाजूस ठेवणें. जर्मनींत कम्युनिस्ट व सोशल डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांना मिळून नोव्हेंबर १९३२ मध्यें नाझींपेक्षां अधिक मतें होतीं. परंतु कम्युनिस्टांनीं सोशल डेमोक्रॅटांनाच मुख्य शत्रु मानलें, आणि दोघेहि एकाच छळछावणींत भेटले.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. दारापाशीं माणसें कां गोळा झालीं, त्याचा शोध घेऊन त्यांचें खरें दुःख दूर करणें. फिनलंडनें बंड मोडलें तेवढ्यावर काम थांबविलें नाहीं. १९३७ सालीं शेतकऱ्यांचा पक्ष व सोशल डेमोक्रॅट, म्हणजे यादवींतील दोन बाजूंचे वारस, एका मंत्रिमंडळांत बसले. त्याच वर्षीं वार्धक्यवेतनाचा कायदा झाला. १९३९ च्या निवडणुकींत जहाल पक्षाच्या १४ जागांच्या ८ झाल्या. कडी लावल्यानें रात्र निभावते. सकाळीं बाहेरच्या माणसांशीं बोलावेंच लागतें.

आजच्या जगाकडे या दृष्टीनें पाहिलें तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. फ्रान्समध्यें २०२४ सालीं दुसऱ्या फेरीपूर्वीं दोनशेंहून अधिक उमेदवारांनीं माघार घेतली, म्हणून पहिल्या फेरींत आघाडीवर असलेला पक्ष ५७७ जागांच्या सभागृहांत मित्रांसह १४३ जागांवर थांबला. ब्राझीलमध्यें २०२२ ची निवडणूक हरल्यावर राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनीं ती फिरविण्याची योजना पुढें केली, तेव्हां लष्कर व विमानदल यांच्या प्रमुखांनीं तींत सामील होण्याचें नाकारलें. तशी साक्ष त्यांनीं पुढें दिली, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें बोल्सोनारो यांस सत्तावीस वर्षें तीन महिन्यांची शिक्षा झाली. अमेरिकेंत ६ जानेवारी २०२१ रोजीं मतमोजणी रोखण्याचें नाकारलें तें राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्याच पक्षाच्या उपाध्यक्षांनीं. परंतु तेथें दुसरी गोष्ट शेवटास गेली नाहीं. २०२४ सालीं ट्रंप पुन्हां निवडून आले, आणि २० जानेवारी २०२५ रोजीं त्यांनीं त्या दंग्यांतील सुमारें पंधराशें आरोपींना माफी दिली किंवा त्यांची शिक्षा कमी केली.

जर्मनींतील पक्षांनीं जहाल पक्षाशीं सहकार्य न करण्याचा जो संकेत पाळला, त्याला तेथें आगीची भिंत म्हणतात. एका घराची आग दुसऱ्या घराला लागूं नये म्हणून मध्यें बांधतात ती भिंत. जानेवारी २०२५ मध्यें पुराणमतवादी पक्षाचा एक ठराव त्याच जहाल पक्षाच्या मतांनीं संमत झाला, तेव्हां हजारों लोक रस्त्यांवर आले. त्यांना १९३३ ची आठवण होती. परंतु ही भिंत उभी असतांनाच त्या पक्षाचीं मतें दुप्पट झालीं, हेंहि विसरतां कामा नये. भिंतीनें आग अडते, विझत नाहीं. बंद पडलेले कारखाने, न परवडणारीं घरभाडीं, आणि आपलें कोणी ऐकत नाहीं ही खेड्यापाड्यांतील भावना, हें जळतें लांकूड आहे. चौथ्या गोष्टीवांचून पहिल्या तीन अपुऱ्या पडतात त्या अशा.

आतां शेवटचा विषय, आणि तो आपल्या दिवाणखान्यांतील आहे. सुशिक्षित मनुष्य या मोहापासून सुरक्षित असतो, असा आपला समज असतो. १९२६ सालीं साक्षात् रवींद्रनाथ टागोर मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीस गेले. तेथील टापटीप पाहून व यजमानाचें अगत्य अनुभवून ते प्रभावित झाले, आणि त्यांच्या बोलण्याचा तेथील वर्तमानपत्रांनीं पुरता उपयोग करून घेतला. दोनच वर्षांपूर्वीं मातेओत्ती या विरोधी सभासदाचा फॅसिस्टांनीं खून केला होता. स्वित्झर्लंडमध्यें रोमां रोलां यांची भेट झाल्यावर आणि परागंदा झालेल्या इटालियनांच्या हकीकती ऐकल्यावर कवींना खरी स्थिति उमगली. त्यांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं आपली चूक झांकली नाहीं; 'मँचेस्टर गार्डियन' पत्रांत जाहीर पत्र लिहून ती सुधारली. दहा वर्षांनीं, मार्च १९३६ मध्यें, पत्नीच्या निधनानंतर परतत असलेल्या जवाहरलाल नेहरूंना रोममध्यें मुसोलिनीच्या भेटीचा आग्रह झाला. तो त्यांनीं नम्रपणें परंतु ठामपणें नाकारला. त्या भेटीचा काय उपयोग केला जाईल, हें ते जाणून होते.

कवीश्वरांनाहि जो मोह चुकला नाहीं, तो आपणांस चुकेल काय? आपल्या घरांत गाडी उशिरां आली, कचेरींत काम झालें नाहीं, कीं कोणी तरी सहज म्हणतो, "या देशाला एखादा हिटलरच पाहिजे." मींहि हें वाक्य शिक्षकांच्या खोलींत ऐकलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर ऐकून हंसलों आहें. बोलणाऱ्याच्या मनांत छळछावणी नसते; वेळेवर येणारी गाडी असते. पापेनच्याहि मनांत छळछावणी नव्हती. परंतु कडी हळूहळू सैल होते ती अशा वाक्यांनीं आणि अशा हंसण्यांनीं. शेजाऱ्याचें नाहीं म्हणणें, हें मोठ्या मुत्सद्द्यांपुरतें नाहीं. आपल्याच जातीच्या, आपल्याच पक्षाच्या, आपल्याच नात्यांतील माणसानें दुसऱ्या कोणा समाजाविषयीं विष ओकलें, तर त्याला "काका, हें बरोबर नाहीं," असें जेवतां जेवतां सांगणें, हें त्याचेंच घरगुती रूप आहे. परक्यानें सांगितलेलें काका ऐकणार नाहींत. पुतण्याचें कदाचित् ऐकतील.

मागच्या बांकावरचा तो मुलगा आज चाळिशींत असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडत असेल कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. पडत असेल तर माझें राहिलेलें उत्तर एवढेंच : बाळा, तें टळण्यासारखें होतें. फिनलंडांत टळलें, बेल्जमांत टळलें. जर्मनींतहि नोव्हेंबर १९३२ ते जानेवारी १९३३ या दहा-बारा आठवड्यांत मूठभर प्रतिष्ठित माणसांनीं नाहीं म्हटलें असतें, तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. तूं प्रश्न विचारलास तेव्हां मी घंटेच्या आड लपलों. तुझ्या मुलांनीं तोच प्रश्न विचारला, तर तूं मात्र घंटेची वाट पाहूं नकोस.